कप्तानीणबाई

कप्तानाने शिट्टी ओठांना लावली, गाल फुगवले आणि इतक्या जोरात फुंकली की पुढच्या रांगेतल्या आजींनी कानातलं यंत्र काढून मांडीवर ठेवलं. वाचनालयाच्या माडीवरची ती खोली दणाणून गेली. मंडळी हसली, दोघातिघांनी आपापले कप सावरले. ती पितळी शिट्टी खिडकीच्या उजेडात फिरवत कप्तान म्हणाला,

"तर मंडळी, ही वाजली तेव्हा बोटीत गुडघाभर पाणी होतं."

शेवटच्या रांगेत, बिस्किटांच्या ताटाजवळ बसलेल्या त्याच्या बायकोने मनातल्या मनात ते पाणी घोट्यापर्यंत उतरवलं. मागच्या खेपेला ते पोटरीपर्यंत होतं.

ठेवा मंडळाची बैठक दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी भरायची. ज्याला फिरायची हौस आहे आणि फिरून आल्यावर काहीबाही जपून ठेवायची खोड आहे त्याने यावं, आपली वस्तू टेबलावर मांडावी आणि ती कुठून, कशी आली ते सांगावं, एवढाच नियम. दातांचे डॉक्टर मंडळाचे अध्यक्ष होते. त्यांच्याकडे निरनिराळ्या किनाऱ्यांवरची वाळू बाटल्यांतून भरून ठेवलेली होती आणि कुठलीही बाटली हातात घेतली की त्यांचा गळा दाटून यायचा. आजी जन्मभर टेलिफोन एक्सचेंजमध्ये होत्या. त्या बोटीगाड्यांची जुनी तिकिटं आणत आणि फार थोडं बोलत. कप्तान मात्र मंडळाचा हुकमी एक्का. उभं आयुष्य त्याने विमा कचेरीतल्या टेबलाशी काढलं होतं. बोटीच्या सुकाणूला त्याचा कधी हात लागला नव्हता. 'कप्तान' हे नाव मंडळाने त्याला या शिट्टीच्या गोष्टीवरून दिलं, आणि ओघानेच ती 'कप्तानीणबाई' झाली. बाजारातल्या कोपऱ्यावर तिचं लोकरीचं आणि बटणांचं दुकान होतं. तिथे कुणी तिला कप्तानीणबाई म्हटलं असतं, तर तिने त्याला दारातूनच वाटेला लावलं असतं. इथे ती ऐकून घ्यायची. नवऱ्याच्या गोष्टीत बायकोला हसतात, त्यात एवढं काय, असं म्हणून तिने कितीतरी रविवार मूग गिळून काढले होते.

गोष्ट सगळ्यांना पाठ होती. बेटावरून परतताना वादळ आलं, बोटीचं इंजिन बंद पडलं. खलाशी गडबडले. अशा वेळी कप्तान पुढे झाला, बादलीने पाणी उपसू लागला, बोटीवरच्या लोकांना धीर देऊ लागला, आणि बायको? बायको बाकाला मिठी मारून भोकाड पसरून बसली. किनाऱ्याला लागल्यावर बोटीच्या मालकाने गळ्यातली शिट्टी काढून कप्तानाच्या गळ्यात घातली.

आज मंडळात तीन नवे चेहरे होते. नवे चेहरे दिसले की कप्तानाला चेव यायचा.

"आणि जॅकेटं!" तो म्हणाला. "लाइफ जॅकेटं वाटली ना, माणशी एक. आमच्या हिने काय करावं? दोन घातली! एकावर एक! अशी फुगली होती की बाकावरून उठताच येईना."

खोली खदखदून हसली. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे पुसले.

"वहिनी, दुसरं कुणाचं पळवलंत हो?"

अशा वेळी हसायचं म्हणून एक हसू तिने कायम तयार ठेवलेलं असायचं. ते आज येईना. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. हातातलं ताट तिने टेबलावर ठेवलं. ठेवलं म्हणजे आपटलंच, पण हसण्याच्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही.

परतताना ती पुढे आणि तो मागे, असे दोघं चालत होते. एरवी उलट असायचं.

"अगं, हळू चाल. काय झालं?"

"दोन जॅकेटं कुणी घातली होती?"

"कधी?"

"अहो, कधी म्हणजे? बोटीत. दोन जॅकेटं कुणी घातली होती?"

तो जरासा हसला. "ते होय! अगं, गंमत असते ती. नवीन माणसं होती, जरा तिखटमीठ लावावं लागतं."

"तुम्ही घातली होती. एक तुमचं आणि एक माझं. माझ्या हातातून घेतलंत आणि संडासात जाऊन आतून कडी लावलीत."

शेजारून एक सायकलवाला गेला. तो लांब जाईपर्यंत कप्तान त्याच्याकडेच पाहत राहिला.

"इतक्या वर्षांपूर्वीचं कोण लक्षात ठेवतं?"

"मी."

"मग इतकी वर्षं बोलली नाहीस ती?"

यावर तिच्याकडे उत्तर होतं, पण ते रस्त्यात देण्यासारखं नव्हतं. ती बोलली नव्हती, कारण त्या दिवशी किनाऱ्यावर संडासाचं दार उघडून तो बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा असा काही झाला होता, की त्या चेहऱ्याच्या माणसाला आणखी काही बोलवेना. तिने त्याच्या अंगावरचे पट्टे सोडवून दिले होते, एकाखाली एक. माणूस घाबरतो. त्याचं तिला काहीच वाटलं नव्हतं. तिने त्याची लाज झाकली आणि त्याने तीच लाज उचलून तिच्या अंगावर घातली, वर चार माणसांत तिचं हसंही केलं. चोर तो चोर, वर शिरजोर!

दुपारी तिने मुलीला फोन लावला. मुलगी परगावी असायची. सगळं ऐकून ती म्हणाली,

"आई, बाबांचं तुला माहितीये ना? सोड गं. त्यांना तेवढाच विरंगुळा."

"त्यांच्या विरंगुळ्याला मीच सापडले का?"

"पण तू रडत होतीस ना? म्हणजे, घाबरली तर असशीलच."

तिला क्षणभर कळलंच नाही, मुलगी काय म्हणाली ते.

"मी रडत होते असं तुला कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? लहानपणापासून ऐकतेय. म्हणून तर आम्ही तुला कधी समुद्रावर चल म्हणत नाही. मुलांना पण सांगून ठेवलंय, आजीला पाण्याची भीती वाटते."

तिने फोन ठेवला. मुलीकडची सगळी मंडळी दरवर्षी समुद्रावर जात. तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, आणि तिला वाटायचं, तरुण माणसं, त्यांना म्हातारीचं लोढणं कशाला हवं.

पुढच्या बैठकीला डॉक्टरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "आज कोण सुरुवात करतंय?" तेव्हा शेवटच्या रांगेतून ती उठली. मंडळात येऊ लागल्यापासून पहिल्यांदाच ती टेबलापाशी आली. नवऱ्यासमोर येऊन तिने हात पुढे केला.

"शिट्टी द्या."

त्याने दिली. चारचौघांत नाही कसं म्हणणार?

"ही शिट्टी माझी आहे," ती म्हणाली. "कशी मिळाली ते सांगते."

तिला बोलायची सवय नव्हती. दुकानात बोलायची तसंच ती इथेही बोलली, सरळ. इंजिन बंद पडलं तेव्हा एक खलाशी तळाकडे जाणारं लोखंडी झाकण उचलत होता. बोट कलली आणि झाकण त्याच्या हातावर पडलं. तीन बोटं चिरडली. बाकीचे खलाशी इंजिनाशी झुंजत होते. ती जवळ होती म्हणून ती गेली. गळ्यातल्या लोकरी मफलरने तिने त्याचा हात आवळून बांधला आणि तो वर धरून बसली. तो म्हणाला, बाई, बोलत राहा, नाहीतर मी झोपेन. काय बोलावं ते तिला सुचेना. मग ती त्याला लोकरीबद्दल सांगत राहिली. कुठली लोकर धुतल्यावर आटते, कुठली टोचते. ते संपल्यावर बटणांबद्दल. शिंपल्याची बटणं, लाकडाची, शिंगाची. दोन भोकांची का, चार भोकांची का. किनारा येईपर्यंत तिचा घसा पार बसला होता. त्याला उचलून नेताना त्याने डाव्या हाताने गळ्यातली शिट्टी काढली आणि तिच्या हातात ठेवली. म्हणाला, 'घ्या बाई, आवाज गेलाय तुमचा. कुणाला हाक मारायची झाली तर लागेल.'

"आणि दोन जॅकेटं मी घातली नव्हती," ती म्हणाली. "माझ्या अंगावर एकही नव्हतं. एवढंच."

कुणाची नजर कप्तानाकडे गेली, कुणाची मुद्दाम गेली नाही. कप्तान खाली, आपल्या बुटांकडे पाहत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मग त्याने मान वर केली आणि टाळी वाजवली. एक, दुसरी, मग जोरजोरात. त्याच्यामागोमाग सगळ्यांनी वाजवल्या.

"वा, कप्तानीणबाई!" डॉक्टर म्हणाले. "इतके दिवस लपून बसला होतात की!"

तिने शिट्टी पर्समध्ये टाकली आणि चेन लावली. अंग हलकं झालं होतं. जिन्यावर आजींनी तिचा दंड धरला.

"छान सांगितलंत. बटणांचं तर फारच छान." दोन पायऱ्या उतरून त्या थांबल्या. "पण सांभाळा हो. आता ही गोष्टसुद्धा तुमच्या यजमानांनी ऐकलीय."

त्या काय म्हणाल्या ते तिला तेव्हा नीटसं उमगलं नाही.

घरात थोडे दिवस अबोल्याचे गेले. पण कप्तानाच्या वागण्यात राग नव्हता. उलट तो विचारात असल्यासारखा दिसे. एकदा जेवताना त्याने विचारलं, "त्या खलाशाचं वय काय असेल गं?" दुसऱ्यांदा, "मफलर कुठल्या रंगाचा होता?" तिला बरं वाटलं. इतक्या वर्षांनी का होईना, विचारतोय. तिने सांगितलं. मफलर राखाडी होता, काठाला निळी रेघ.

वर्षाअखेर मंडळाचा मेळावा झाला. शेजारच्या दोन गावांतली अशीच मंडळं आली होती. खोली अपुरी पडेल म्हणून शाळेचं सभागृह घेतलं होतं. निघताना कप्तान म्हणाला, "शिट्टी देतेस ना?"

"नाही."

"बरं, राहू दे." तो एवढ्या सहज म्हणाला की तिने सावध व्हायला हवं होतं.

सभागृहात त्याचं नाव पुकारलं गेलं. व्यासपीठावर जाऊन त्याने दोन बोटं तोंडात घातली आणि बोटांनीच शिट्टी मारली.

"मंडळी, मी भित्रा माणूस आहे," तो म्हणाला. "किती भित्रा? सांगतो."

आणि त्याने सांगितलं. दोन जॅकेटं घालून संडासात अडकलेला माणूस त्याने असा उभा केला, की सभागृह हसून हसून लोळायचं बाकी राहिलं. कडी उघडेना म्हणून तो आतून कसा ओरडत होता, जॅकेटामुळे कसा दारात रुतला, हे सगळं अंगविक्षेपांसह. त्यातलं निम्मं घडलंच नव्हतं. मग त्याने आवाज खाली आणला. "आणि बाहेर, मंडळी, माझी बायको..." बाहेर त्याची बायको एका मरणाच्या दारातल्या खलाशाचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. तिने त्याला अंगाईगीत म्हटलं. लाटा उसळत होत्या आणि ती गात होती. तिच्या मफलराची निळी रेघ रक्ताने लाल झाली. किनाऱ्यावर अख्खी बोट तिच्यापुढे टोप्या काढून उभी राहिली.

पहिल्या रांगेतली एक बाई रुमालाने डोळे टिपू लागली. टाळ्या थांबेनात. लोक वळून वळून तिच्याकडे पाहत होते. "त्याच का त्या?" "हो, त्याच." कुणीतरी येऊन तिचे दोन्ही हात हातात घेतले. "किती धीराच्या हो तुम्ही! आणि गाता पण!"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. हसं झालं तेव्हाही इतका झाला नव्हता. तेव्हा निदान खरी गोष्ट तिच्यापाशी होती, झाकून ठेवलेली, तिची एकटीची. आता तीही नव्हती. आता तिने कुठेही उभं राहून बटणांचं सांगितलं असतं, तर लोक म्हणाले असते, अहो, पण अंगाई?

घरी आल्या आल्या कप्तानाने टोपी खुंटीला लावली आणि तिच्याकडे वळून म्हणाला,

"आता तरी खूश? हिरॉईन करून टाकलं तुला. माझं हसं करून घेतलं, तुझ्यासाठी."

"मी गाणं म्हटलं नव्हतं."

"अगं, शोभतं ते तिथे."

"मी बटणांबद्दल बोलत होते."

"बटणांवर कोण टाळ्या देणार?" तो खरोखरच्या नवलाने म्हणाला. "तुला खरंच हवं होतं ना? सांगितलं. मी भित्रा आहे हे सांगितलं. आणखी काय हवं तुला?"

"ती गोष्ट माझी होती."

"मग मी नव्हतो का त्या बोटीत?"

"होतात ना," ती म्हणाली. "संडासात."

तिला भांडणही पुढे न्यावंसं वाटेना. या माणसाला लबाड म्हणावं, तर तो लबाडही नव्हता. हातात आलं ते तो सांगत होता. त्याची बायको त्याच्या हातात होती, इतकंच. तिला राग आला तो याचा की हे इतकं सरळ दिसायला एवढी वर्षं लागली.

आठवडाभराने तिने दुकानाच्या दारावर 'सोमवारी उघडेल' अशी पाटी लावली, कपाटावरची लहान बॅग काढली आणि झाडून घेतली.

"कुठे निघालीस?"

"फिरायला."

"अगं, मग आधी नाही का सांगायचं? मला निदान—"

"मी एकटीच जातेय."

कप्तान हसला. मग ती हसत नाही हे पाहून थांबला. "कुठे पण?"

"पाणी आहे तिथे."

"फोन करशील?"

"पोचल्यावर करीन."

पोचल्यावर तिने फोन केला, 'पोचले' म्हणाली आणि ठेवला. ती कुठे राहिली, कुणाला भेटली, तिथे काय काय घडलं ते तिचं तिलाच ठाऊक. ती परत आली तेव्हा नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला होता आणि दोन्ही तळहातांवर, बोटांच्या मुळाशी फोड आले होते. स्वयंपाकघरात हात धुताना तिने नळाखाली तळवे धरले आणि 'स्स्' केलं. पण ते 'स्स्' दुखण्याचं वाटत नव्हतं.

"हाताला काय झालं?" दारात उभं राहून कप्तानाने विचारलं.

"फोड आलेत."

"ते दिसतंय. कशाने?"

"येतात," ती म्हणाली आणि हात पुसून चहा ठेवायला वळली.

तो दोन दिवस तिच्या मागेमागे होता. गाडीला गर्दी होती का? खोली कशी होती? पाणी थंड होतं का? तो विचारेल तेवढ्याचंच ती उत्तर देई. होती. बरी होती. होतं. तिसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला. तिने मुलीला एकच सांगितलं, या वर्षी समुद्रावर जाल तेव्हा मीही येणार आहे. मग मुलगी म्हणाली, "बरं, आई," आणि थोड्या वेळाने, "खरंच बरं."

पहिला रविवार आला. मंडळाला कुणकुण लागलेलीच होती. तिने अजून पायऱ्या चढून दमही खाल्ला नव्हता, तोच डॉक्टर म्हणाले, "आज कप्तानीणबाईंचा मान पहिला! एकट्या जाऊन आलात म्हणे. काय आणलंत दाखवायला?"

"काही नाही," ती म्हणाली. "चांगली झाली सहल."

"एवढंच?"

"एवढंच."

मंडळी जराशी हिरमुसली. तेव्हा कप्तान उठला. सवयीने त्याने कोटाची बटणं सारखी केली, खाकरला.

"मी सांगतो. तिचा स्वभाव असा, तिला बोलवत नाही. तर मंडळी, आमची ही बॅग घेऊन निघाली. एकटी! आणि तिथे गेल्यावर हिने..."

सगळे पुढे सरसावले.

"तिथे गेल्यावर हिने," तो पुन्हा म्हणाला. त्याचा एक हात हवेत होता. तो तसाच राहिला. खालच्या रस्त्यावरून एक गाडी गेली, तिचा आवाज लांबवर ऐकू आला. कप्तानाने तोंड उघडलं, मिटलं. शब्द शोधणारी त्याची नजर खोलीभर फिरली आणि शेवटच्या रांगेत येऊन थांबली. तो तिच्याकडे पाहत होता, आणि तिला वाटलं, इतकी वर्षं याने चारचौघांत माझ्याकडे बोट दाखवलं. पाहिलं असं आजच.

"काय झालं गं तिथे?" त्याने विचारलं. हळू आवाजात, जणू खोलीत दुसरं कुणी नव्हतंच.

"बरंच काही," ती म्हणाली.

तो उभाच होता. तिने बिस्किटांचं ताट उचललं, त्यातलं एक आपल्याला घेतलं आणि ताट शेजारी बसलेल्या आजींपुढे धरलं.

"आजी, तुम्ही आज कुठलं तिकीट आणलंय?"